डावीकडे कुणीच नाही

मोन्तेविदेओ, १९ मे

आनीबाल,

नमस्कार, खुशाली वगैरे तुझ्या बहिणीकडून, एलिदाकडून घे. खाली तिने दोन ओळींची जागा मागितली आहे, ती सोडतो. माझ्याकडून तुला नमस्कार नाही. तीन वर्षं तुला अक्षर लिहिलं नाही आणि पुढेही लिहिलं नसतं. पण परवा एलिदाच्या वाढदिवसाला तू सिडनीहून फोन केलास आणि ठेवता ठेवता तिला म्हणालास, "एबेरला सांग, इरिबार्नेला शिव्या देत फिरू नकोस. कोचचंही काही कारण असेल."

कारण असेल! तू तिकडे मोटारींच्या कारखान्यात स्क्रू आवळतोस, सामने पेपरात वाचतोस, तेही शिळ्या पेपरात. आणि मला शिकवतोस?

झालं काय ते ऐक. शुक्रवारी दुपारी राष्ट्रीय संघाची नावं रेडिओवर वाचली. आम्ही सगळे फेर्मीनच्या बारमध्ये कान लावून होतो. इरिबार्नेने बावीस नावं वाचली आणि त्यात वाल्देमार पिन्तोस हे नाव नव्हतं. माझा जावई आहे म्हणून बोलत नाही. तुझ्या भाचीचा नवरा आहे म्हणूनही नाही. या देशात डाव्या पायाचा त्याच्या तोडीचा खेळाडू नाही, हे शेंबडं पोर सांगेल. पत्रकारांनी विचारलं, पिन्तोस का नाही? तर हा शहाणा म्हणतो, "मला या स्पर्धेत कडेने पळणारा विंगर नको आहे."

बारमध्ये जी बोंब झाली ती तुझ्या सिडनीपर्यंत ऐकू यायला हवी होती. एकटा ओदिलियो, तो कत्तलखान्यातला, मान हलवत म्हणाला, "अरे, पण मार्चमध्ये पेनल्टी घालवली ना त्याने."

मी म्हटलं, "पेनल्टी कोण घालवत नाही? तू तर दोन बायका घालवल्यास."

आणि तू सिडनीला निघालास तेव्हा निरोपाच्या जेवणात जे केलंस तेही मी विसरलेलो नाही. मी वाल्देमारला मीठदाणी आणि काटे मांडून दाखवत होतो, आदल्या सामन्यात त्याने आत कुठे वळायला हवं होतं ते. माझा जावई, माझं टेबल, मी भाजलेलं मांस. आणि तू उठलास, मीठदाणी उचलून खिशात घातलीस आणि म्हणालास, "आता बोल बघू." वीस माणसं हसली. वाल्देमारसुद्धा. एलिदाला त्या मीठदाणीची जोड अजून मिळालेली नाही.

बारसमोरच्या लांब भिंतीवर आता आम्ही काहीतरी लिहिणार आहोत. इरिबार्ने रोज त्याच रस्त्याने मैदानावर जातो.

एबेर

(आनीबाल, मनावर घेऊ नकोस. गुडघा कसा आहे? थंडीत बाहेर पडताना पट्टा बांध. मिर्ता आणि वाल्देमार बरे आहेत. म्हणजे आता जरा बरे आहेत. — एलिदा)


८ जून

आनीबाल,

पेरूशी शून्य-शून्य. पेरूशी! आपल्याच मैदानावर!

तुझ्या लाडक्या कोचने मधे पाच माणसं उभी केली, पंगतीला बसल्यासारखी खांद्याला खांदा लावून. एकमेकांच्या पायावर पाय देत होती. आणि डावीकडे कुणीच नाही. नुसतं गवत. टीव्हीवर स्वच्छ दिसलं, तिथे कबुतरं उतरली होती आणि पूर्ण पहिला अर्धा तास त्यांना कुणी उठवलं नाही.

ओदिलियो म्हणतो, "पण गोल खाल्ला का? नाही ना? मधे गर्दी आहे म्हणूनच नाही खाल्ला."

"दुकान बंद ठेवलं तर चोरी होत नाही," मी म्हटलं, "पण मग दुकान काढायचंच कशाला?"

यावर फेर्मीनने मला एक ग्लास फुकट दिला. तुला माहीत आहे तो स्पेनमधल्या गालिसियाचा माणूस किती चिक्कू आहे, म्हणजे विचार कर.

भिंत लिहून झाली. अक्षरं मी स्वतः काढली. बंदरातून जहाजाचा लाल रंग आणला होता, पावसापाण्याने जात नाही. "इरिबार्ने, आमची डावी बाजू परत दे." ट्रॉलीबसमधले लोक टाळ्या वाजवत जातात.

आता घरचं. रविवारी मिर्ता आणि वाल्देमार जेवायला होते. मला वाटलं होतं, पोराचं तोंड उतरलेलं असेल, घास गिळत नसेल. कसलं काय! दोनदा वाढून घेतलं त्याने. शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी खेळला. देश बुडतोय आणि हा आणखी पुडिंग मागतोय. एलिदा खूश. म्हणाली, "किती दिवसांनी पोटभर जेवलास रे." मी म्हटलं, जेवणाचं राहू दे, उद्या मी पत्रकाराला घरी बोलावतो, त्याच्यासमोर सांग तुझ्यावर कसा अन्याय झाला. तर तो उठला आणि भांडी घासायला गेला. माझा जावई, देशाची आकाशी जर्सी घातलेला माणूस, भांडी घासायला! मिर्ताने माझ्याकडे जे पाहिलं ते तू पाहतोस तसं पाहिलं. तुमच्या घराण्याची ती नजर तिला नेमकी मिळाली आहे.

त्याच्यात स्वाभिमान नाही, आनीबाल. तो मलाच दोघांचा मिळून बाळगावा लागतो.

एबेर


२४ जून

आनीबाल,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार म्हणायला हवी. "भिंत नको. कोचच्या वाटेला जाऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कर." एवढ्यासाठी तिकीट वाया घालवलंस? आणि तुझ्यासाठी म्हणून मी काही करावं असं शेवटचं कधी घडलं होतं? तू आता तिथला झालास. तिथल्या लोकांसारखं हळू आवाजात, आर्जवाने लिहायला लागलास.

पॅराग्वेने आपल्याला एक-शून्य मारलं. गोल कुठून आला विचार. आपल्या डावीकडून! आपला मागचा खेळाडू एकटा, समोर दोघे, मदतीला कुणीच नाही. बिचारा रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा दोन्हीकडे बघत राहिला.

त्यानंतर आम्ही इरिबार्नेच्या घरी गेलो. होय, मीही होतो. पुढे होतो. शंभर-दीडशे माणसं, ढोल, भोंगे. कुणीतरी दगड मारला, समोरची काच गेली. मी मारला नाही. मी फक्त म्हटलं होतं की काच मोठी आहे.

तो स्वतः बाहेर आला. बगलेत थर्मास, हातात 'माते' या कडू चहाचा पेला, पायात सपाता. आत बायको रडत होती, आवाज येत होता. सगळे ओरडत होते, पण तो दारात उभा राहिला तसे हळूहळू गप्प झाले. मग मी पुढे होऊन विचारलं, "पिन्तोसला का घेतलं नाहीस ते सांग. इथे, तोंडावर सांग."

"तुम्ही कोण?"

"एबेर ओलिवेरा. त्याचा सासरा."

त्याने पेला उंबऱ्यावर ठेवला. मला वाटलं आता अंगावर येतो. तर म्हणाला, "ओलिवेरा, माझ्या खेळात तो बसत नाही. निर्णय माझा आहे. चूक असेल तर तीही माझीच. थंडी वाजतेय, घरी जा."

"हे उत्तर झालं का?"

"तुम्हाला देता येण्यासारखं एवढंच आहे." असं म्हणून त्याने दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: "सासऱ्याने कोचची बोलती बंद केली." एलिदाने तो पेपर पाहिला आणि शेगडी पेटवायला घेतला. मी दुसरा आणला.

एबेर


६ जुलै

आनीबाल,

तुला माहीत होतं.

पेपरातला फोटो पाहून मिर्ता आली. कोटही काढला नाही. मी स्वयंपाकघरात बसलो होतो. म्हणाली, "बाबा, त्याला इरिबार्नेने नाही काढलं. त्यानेच सांगितलं होतं, मला नेऊ नका."

मी हसलो. मला खरंच वाटलं ती चेष्टा करतेय.

"सामन्याच्या दिवशी सकाळपासून उलट्या होतात त्याला. हात इतके थरथरतात की बुटाची नाडी मी बांधते. मार्चमधल्या सामन्याआधी तो संडासात जाऊन बसला आणि बाहेर येईना. इरिबार्ने दाराबाहेर फरशीवर बसून राहिला. मासे पकडायच्या गोष्टी सांगत होता. कुठल्या नदीत काय मिळतं, गळाला काय लावायचं. मग कसाबसा बाहेर आला, खेळला, ती पेनल्टी घालवली. नंतर इरिबार्नेकडे गेला आणि म्हणाला, आता मला जमणार नाही."

"आणि इरिबार्ने काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं. लोकांना मी सांगेन मला विंगरच नको. तुझं नाव कुठे येणार नाही."

म्हणजे आनीबाल, ती मधली पाच माणसं, ती रिकामी डावी बाजू, ती कबुतरं, हे सगळं त्याने दिलेल्या एका शब्दासाठी होतं. एका पोराचं नाव झाकायला त्याने अख्खा खेळ बदलला.

मी मिर्ताला विचारलं, "हे कधीपासून? पेनल्टीपासून?"

"आधीपासून."

"कधीपासून?"

ती खुर्ची ओढून समोर बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला कधी विचारलंत का, बरा आहेस का म्हणून? तुम्ही दर रविवारी विचारता, आत का वळला नाहीस."

मी त्याच्या भल्यासाठी सांगत होतो. यात वाईट काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. एलिदा मात्र तिथेच उभी होती आणि तिने मिर्ताला गप्प केलं नाही.

आणि मग कळलं की मिर्ताने एप्रिलमध्ये टेलिफोन कचेरीत जाऊन तुला फोन केला होता. माझी मुलगी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला फोन लावते, पण दोन गल्ल्या चालून माझ्याकडे येत नाही. मामाला सांगते, बापाला नाही. आणि तू? "कोचचंही काही कारण असेल!" गोलगोल बोलायला तू काय पाद्री आहेस? स्पष्ट एक ओळ लिहिली असतीस तर मी त्या दारात गेलो नसतो. शपथ घेतली होतीस म्हणशील. मिर्ताने मलाही घ्यायला लावली आहे. तुझ्यावरचा राग मात्र शपथेत येत नाही, तो मी बाळगणार.

इरिबार्ने मला आधीही आवडत नव्हता, आता तर अजिबातच नाही. माणसाने इतकं गप्प राहू नये. त्यापायी दुसऱ्याचा गाढव होतो.

एबेर


३० जुलै

आनीबाल,

तुझी पत्रं आली, उघडली नाहीत. एलिदाने उघडली. ती म्हणते, तू माफी मागितली आहेस. ठेव तुझ्याकडे.

बारमध्ये मी हिरो झालो होतो. ओदिलियोसुद्धा उलटला होता, इरिबार्नेला हाकला म्हणून सह्या गोळा करत होता आणि पहिली सही माझी हवी म्हणून कागदावरची पहिली ओळ माझ्यासाठी कोरी ठेवली होती. मी कागद सरकवला आणि म्हटलं, "मधे पाच असले की चेंडू आपल्याकडे राहतो."

 फेर्मीनचा हात बिअरच्या नळावरच राहिला.

"कोण म्हणतं?" ओदिलियो म्हणाला.

"मी म्हणतो. आणि विंगर नसला की ती बाजू मोकळी राहते. मागचा खेळाडू पळत वर येऊ शकतो. युरोपात सगळे असंच खेळतात."

"युरोपात? तू युरोपच्या आईबहिणीवरून शिव्या देतोस!"

"माणूस शिकतो."

"काय रे, त्या रात्री इरिबार्नेच्या बायकोने आत बोलावून चहा पाजला वाटतं?"

मी आणखी बोललो. त्रिकोण, माघार, चेंडूचा ताबा, जे जे मला आयुष्यभर किळसवाणं वाटलं ते सगळं बोललो. इतकं खोटं मी एलिदाशीही कधी बोललो नाही. शेवटी कुणीतरी माझ्या अंगावर बिअर ओतली आणि फेर्मीन म्हणाला, "एबेर, काही दिवस येऊ नकोस." तीस वर्षांत मला त्या बारमधून पहिल्यांदा काढलं, आणि ते इरिबार्नेची बाजू घेतली म्हणून! हस, तुला हसायचं असेल तर.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर चुना मारला. तो लाल रंग चुन्याखालूनही दिसतो.

मग कोलंबियाने आपल्याला स्पर्धेबाहेर काढलं आणि फुटबॉल संघटनेने इरिबार्नेला नोकरीवरून. शेवटच्या मुलाखतीत त्याला परत विचारलं, पिन्तोसचं काय? तो म्हणाला, "पिन्तोसला न घेणं ही माझी चूक होती. त्याची आणि देशाची मी माफी मागतो."

आम्ही जेवत होतो. रेडिओ फ्रिजवर होता. वाल्देमारने काटा खाली ठेवला, उठला आणि कोट घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"फेर्मीनकडे."

"ते तुला कच्चा खातील."

"खाऊ देत. तो माणूस माझी माफी मागतोय, बाबा."

त्याने मला आधी कधी बाबा म्हटलं नव्हतं. मी त्याच्या मागे गेलो. तो बारच्या मधोमध उभा राहिला, पांढराफटक, हात खिशात. मला माहीत होतं हात खिशात का आहेत. म्हणाला, "मीच सांगितलं होतं मला नेऊ नका म्हणून. भीती वाटायची. आत्ताही वाटतेय. कोचने माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. ज्याला शिव्या द्यायच्या आहेत त्याने मला द्या."

फेर्मीनने टीव्ही बंद केला. मग ओदिलियो म्हणाला, "म्हणजे तुझ्या पोटात गोळा येतो म्हणून आम्ही स्पर्धेबाहेर?"

मी त्याला खुर्ची मारली हे पेपरातलं खोटं आहे. मी त्याला ढकललं. खुर्ची मधे आली.

दोन दिवसांत भिंतीवर नवीन अक्षरं आली: "पिन्तोस, बायकोचा फ्रॉक घाल." मी चुना मारतो, ते परत लिहितात. क्लबच्या मैदानावर तो चेंडूला शिवला की शिट्ट्या. दोन सामन्यांनंतर त्याने बूट काढून कपाटात ठेवले आणि क्लबला कळवलं, मी येत नाही. त्या दिवशी मला खूप काही बोलायचं होतं. मिर्ता दारात उभी होती, म्हणून बोललो नाही.

इरिबार्नेकडेही गेलो. माफी मागायला. तो म्हणाला, "काच केव्हाच बसवली." मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण पॅराग्वेशी एक गोल मागे असताना मधला एक माणूस काढून डावीकडे का नाही घातला?" अर्धा तास दारातच भांडलो. या वेळी दार त्याने आपटलं.

एबेर


१४ नोव्हेंबर

आनीबाल,

तुझ्या मनासारखं झालं. काल त्यांना विमानतळावर सोडून आलो. हे पत्र पोचेल तोवर ती दोघं तुझ्या घरात तुझ्या बिछान्याची चादर वापरत असतील. तू बोलावलंस, तू कागदपत्रं केलीस, तू कारखान्यात काम बघितलंस. मी आभार मानावेत अशी एलिदाची इच्छा आहे. मी तिला म्हटलं, माझी मुलगी नेणाऱ्याचे आभार मानण्याइतका मी अजून म्हातारा झालो नाही.

विमानतळावर सगळी बायकामाणसं रडत होती. वाल्देमार आणि मी कॉफीच्या ठेल्यापाशी उभे राहिलो, एकमेकांकडे न बघता. तो जाड झालाय जरा. रंग चांगला दिसतो. बोलायला काही नव्हतं. सहा वर्षं आम्ही फक्त फुटबॉलच बोललो होतो, आणि तेही मीच.

मग त्यानेच विषय काढला. म्हणाला, "बाबा, एक विचारू? तुम्ही कोच असता तर माझ्या जागी डावीकडे कुणाला घातलं असतं?"

त्याचा चेहरा मी पाहिला. सहज विचारत नव्हता. एका माणसाची नोकरी आपल्यामुळे गेली हे पोटात घेऊन तो तुमच्या देशात चालला होता.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "तू असतास किंवा नसतास, मधे पाचच ठेवले असते. इरिबार्नेचा खेळ बरोबर होता. पोरांना नीट खेळता आला नाही, त्याला तू काय करणार?"

"खरंच?"

"मी फुटबॉलबद्दल कधी कुणाचं मन राखायला बोललोय?"

तो हसला. मग त्याने मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझी टोपी पडली, आणि गेला. काचेपलीकडून मिर्ताने एकदाच मागे वळून पाहिलं. त्या तुमच्या घराण्याच्या नजरेने नाही. वेगळं पाहिलं.

आता तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही आणि फेर्मीन अजून मला दारात उभं करत नाही. ते धादांत खोटं होतं. पायसान्दू गावच्या क्लबात तेचेरा नावाचा पोरगा आहे, डाव्या पायाचा, हरणासारखा पळतो. इरिबार्नेने त्याला घ्यायला हवं होतं. पॅराग्वे, कोलंबिया, सगळे सामने आपण जिंकलो असतो. मी हे मरेपर्यंत म्हणेन, पण फक्त तुझ्याजवळ. वाल्देमारला यातलं एक अक्षर कळलं ना आनीबाल, तर बोटीत बसून सिडनीला येईन आणि तुझं थोबाड फोडीन.

एबेर